चाव्या परत घ्या, नावं राहू द्या

प्रति,
प्रकल्पाचं व्यवस्थापन मंडळ आणि मेंटेनर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रकल्पाचं नाव मी या पत्रात घेत नाही. ज्यांना लिहितेय त्यांना ते कळेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात डोकावून पाहिलं तर यातल्या बऱ्याच गोष्टी तिथेही सापडतील. पत्र मराठीत आहे, कारण तुमच्या मंडळात मराठी वाचणारे दोघं आहेत. ज्या सॉफ्टवेअरचा मराठी मेनू तुम्ही दरवर्षी कौतुकानं दाखवता, त्याच्या मंडळापर्यंत एक मराठी पत्र पोचायला हरकत नसावी.

गेल्या महिन्यात तुमचा निर्णय आला. सलग २४ महिने ज्या खात्यातून काम झालेलं नाही ते खातं बंद. त्याचं युजरनेम मोकळं करून मागेल त्याला द्यायचं. त्या खात्याचं जुनं काम 'माजी सहभागी' या एकाच नावाखाली टाकायचं. आणि भाषांतराच्या श्रेयनामावलीत माणसांची नावं काढून त्या त्या भाषेच्या समूहाचं नाव घालायचं. चार वाक्यांचा निर्णय. त्यानं कोल्हापुरातल्या ३१ जणांचं २०१३ पासूनचं काम एका रात्रीत बेवारस झालं.

माझं शाहूपुरीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, संस्थांची स्मरणिका असली कामं. २०१३ साली एका शाळेच्या लॅबमध्ये जुन्या कॉम्प्युटरवर तुमचं सॉफ्टवेअर बसवून दिलं, तेव्हा सातवीतली पोरं इंग्रजी मेनू बघून नुसतीच बसून राहिली. तिथून हे सुरू झालं. राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही जमायचो: इंजिनिअरिंगची पोरं-पोरी, दोन शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मी आणि तात्या. 'सेव्ह'ला 'जतन करा' की 'साठवा', यावर एक अख्खा रविवार गेलेला मला आठवतोय.

तात्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे पत्र त्यांच्यामुळेच लिहायला बसले.

तात्या खिळेजुळारी होते. चाळीस वर्षं त्यांनी ट्रेडल मशीनच्या छापखान्यात शिशाचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवले. डाव्या हातात स्टिक, उजव्या हातानं खणांच्या केसमधला खिळा उचलायचा, ओळ उलटी वाचायची. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं होतं, त्यामुळे मालकाचं नाव त्यांनी शेकडो वेळा जुळवलं. खिळे जुळवणाऱ्याचं नाव घाला असं कुठला कायदा सांगत नव्हता, आणि कुणी घातलंही नाही. छापखाना ऑफसेटवर गेला तेव्हा तात्या घरी बसले. मग माझ्या दुकानात प्रुफं बघायला येऊ लागले आणि तिथून रविवारच्या खोलीत आले.

आमच्या पीओ फाइलींत, म्हणजे मूळ इंग्रजी मजकूर आणि त्याचं भाषांतर शेजारी ठेवणाऱ्या फाइलींत, 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स' अशी एक स्ट्रिंग (मजकुराची ओळ) असायची. तिचं भाषांतर करायचं नसतं. ज्यांनी भाषांतर केलं त्यांनी तिथे आपली नावं लिहायची, म्हणजे ती 'विषयी' या खिडकीत दिसतात. तात्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी सरळ 'भाषांतरकारांचे श्रेय' असं लिहून टाकलं. मी म्हटलं, "तात्या, इथं तुमचं नाव घालायचंय." ते बराच वेळ कीबोर्डवर बोटं ठेवून बसले. मग नाव लिहिलं, पुढे स्वल्पविराम देऊन 'कोल्हापूर' लिहिलं, आणि मला विचारलं, "हे छापून येणार व्हय?"

चार महिन्यांनी नवी आवृत्ती आली आणि ते नाव जगभर गेलं. त्या दिवशी तात्या तीनदा दुकानात येऊन ती खिडकी उघडून बघून गेले.

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, तात्या गेले. गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी तिच्या पोराला घेऊन दुकानात आली. पोरगं आता पाचवीत आहे, त्याला आजोबांचं नाव कॉम्प्युटरमध्ये आहे हे दाखवायचं होतं. मी नवी आवृत्ती उघडली. मदत, विषयी, श्रेय. तिथं दोनच शब्द होते: 'मराठी समूह'. पोरगं माझ्या तोंडाकडे बघून म्हणालं, "कुठं हाय?" मग मी माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, चार्जर शोधला, आणि जुन्या आवृत्तीत त्याला नाव दाखवलं. तो लॅपटॉप किती दिवस चालेल सांगता येत नाही.

आता तुमच्या निर्णयाकडे येते. तुम्ही त्यामागे सुरक्षिततेचं कारण दिलंय, आणि ते कारण खोटं नाही हे मी आधीच मान्य करते. २०२४ च्या मार्चअखेर एक्सझेड या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या साध्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये) चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं. 'जिया तान' या नावाच्या खात्यानं दोनेक वर्षं नेटानं पॅच (कोडमधले बदल) पाठवून मेंटेनरचा, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्याचा, विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं नसतं, तर ते दार जगभरच्या सर्व्हरवर गेलं असतं. त्यानंतर सगळे प्रकल्प आपल्या चाव्या कुणाकुणाकडे आहेत ते मोजायला लागले. तुम्हीही मोजल्या. दोन वर्षं न फिरकलेल्या माणसाकडे थेट रेपोत (कोडच्या साठ्यात) लिहायचा अधिकार कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझा अधिकार काढलात, मी तक्रार केलेली नाही.

पण त्याच प्रकरणात पुढे काय झालं ते आठवा. चोरदार सापडल्यावर लोकांनी त्या एका नावाचं प्रत्येक कमिट (नोंदवलेला बदल) उकरून काढलं. एक्सझेडमधलंच नव्हे, लिबआर्काइव्ह या दुसऱ्या लायब्ररीत त्याच खात्यानं २०२१ साली केलेला बदलही पुन्हा तपासून मागे घेतला गेला. हे जमलं ते कामापुढे नाव टिकून होतं म्हणून. तुमच्यासारखं सगळ्या गेलेल्यांना 'माजी सहभागी' केलं असतं, तर कुणाचा कोड तपासायचा हे कुणालाच सांगता आलं नसतं. सुरक्षिततेसाठी चावी परत घ्यावी लागते हे पटतं. नाव पुसल्यानं सुरक्षितता वाढते हे मला कुठूनही पटत नाही.

युजरनेम मोकळं करण्याचं तर उलटंच आहे. माझं जुनं युजरनेम लग्नाआधीच्या आडनावाचं होतं. २०१६ मध्ये मी ते बदलून घेतलं, जुनं खातं तसंच राहिलं. निर्णयानंतर दहा दिवसांत ते कुणा अनोळखी माणसानं घेतलं. आज माझ्या जुन्या चर्चांमधल्या, जुन्या बगच्या नोंदींमधल्या प्रत्येक उल्लेखावर क्लिक केलं की त्या माणसाचं पान उघडतं, आणि तिथे कर्जाची जाहिरात आहे. माझे शब्द, त्याचं तोंड. ही फक्त माझी अब्रू नाही, तुमच्याही दाराचा प्रश्न आहे. २०२२ च्या मे महिन्यात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 'सीटीएक्स' या पॅकेजचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. मूळ लेखकाच्या ईमेलचं डोमेन मुदत संपून सुटलं, एकानं ते विकत घेतलं, त्या ईमेलवरून पासवर्ड बदलून घेतला आणि पॅकेजमध्ये माहिती चोरणारा कोड घातला. सुटलेलं नाव दुसऱ्याच्या हाती पडलं की त्यासोबत जुना विश्वासही पडतो. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरही सोडलेलं युजरनेम दुसऱ्याला घेता येतं हे खरं. पण तिथे २०१७ पासून, खरा पत्ता झाकण्यासाठी मिळणाऱ्या ईमेल पत्त्यात नावाआधी खात्याचा एक आकडा असतो. नाव बदललं तरी आकडा तोच राहतो, म्हणून जुनं काम माणसापासून तुटत नाही. असा आकडा तुमच्याकडेही प्रत्येक खात्याला आहेच. तुम्ही काम मात्र नावाला बांधलंत आणि मग नावच सोडून दिलंत.

तिसरी गोष्ट लिपीची. तात्यांना युजरनेम 'खिळे' असं हवं होतं. नोंदणीच्या चौकटीनं देवनागरी घेतली नाही, फक्त रोमन अक्षरं आणि आकडे. मग रोमनमध्ये लिहिलं. त्यात ळ बसत नाही, ल होतो. पुढची आठ वर्षं इतर भाषांतले भाषांतरकार तात्यांना 'खिले जी' म्हणत राहिले. उमलले असा काहीतरी अर्थ त्यांना वाटत असणार. तात्या कुणाला बोलले नाहीत, पण मला एकदा म्हणाले, "माझ्या धंद्याचं नाव होतं गं ते." ज्या माणसानं तुमच्या फॉन्टमध्ये 'दर्या' आणि 'दऱ्या' एकसारखे दिसतात हे पहिल्यांदा दाखवून दिलं, समुद्र आणि डोंगरांमधल्या घळी यांतला फरक अर्धचंद्रासारख्या एका र मध्ये असतो हे ज्यानं चित्र काढून समजावलं, त्याला स्वतःचं नाव नीट लिहायची सोय नव्हती.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी फसवणूक होते म्हणून रोमनच ठेवलं, असं तुम्ही सांगता. ती भीती खरी आहे, युनिकोडनं त्यावर वेगळं मानकच केलंय. पण तुमच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये रोमन लहान एल आणि मोठा आय शेजारी ठेवून बघा, ओळखता येतात का ते. लॉगिनचं नाव हवं तर रोमन ठेवा. लोकांना दिसणारं नाव माणसाला त्याच्या लिपीत लिहू द्या. गिटच्या, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या, कमिटमध्ये लेखकाचं नाव देवनागरीत नीट बसतं, मराठी विकिपीडियावर देवनागरी सदस्यनावं वर्षानुवर्षं नांदताहेत. अडलंय ते तुमच्या एका चौकटीत.

विकिपीडियाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. २०१५ साली त्यांनी सगळ्या भाषांतली खाती एक केली. एकाच नावाचे दोन सदस्य निघाले तिथे एकाच्या नावापुढे त्याच्या विकीची खूण जोडली, पण संपादनं ज्याची त्याच्याच नावावर राहिली. निष्क्रिय प्रचालकांचे (ॲडमिनचे) अधिकार तिथेही काढतात. त्यांनी लिहिलेलं मात्र कुणी 'माजी' करत नाही.

आता 'मराठी समूह'. यात थोडी चूक आमचीही आहे, ती आधी सांगते. रविवारच्या खोलीत नेट हळू होतं, म्हणून आम्ही बरेचदा सगळ्यांच्या फाइली एकत्र करून माझ्याच खात्यातून चढवायचो. पीओ फाइलीच्या मथळ्यात 'शेवटचा भाषांतरकार' असा एकच रकाना, त्यात ज्यानं शेवटी हात लावला त्याचं नाव. बाकीच्यांची नावं आम्ही वरच्या टिपेच्या ओळींत, वर्षासकट, लिहीत गेलो. तुम्ही नव्या साधनावर गेलात तेव्हा त्या टिपेच्या ओळी गळाल्या. मी तेव्हाच कळवलं होतं, उत्तर आलं नाही. मग जिथे कुठे कामाचा आकडा दिसे तिथे ते सगळं माझ्या एकटीच्या नावावर दिसायचं, आणि माझ्यानंतर ते समूहाच्या नावावर गेलं. इतक्या जणांचं काम एकटीच्या नावावर बघताना मलाच कानकोंडं व्हायचं. गिटमध्ये लेखक आणि कमिटर (बदल नोंदवणारा) हे दोन रकाने मुळातच वेगळे आहेत, सहलेखकांच्या ओळी कमिटच्या संदेशाखाली लिहिता येतात. ज्यानं फाइल चढवली तो आणि ज्यानं शब्द शोधला तो, हा फरक तुमच्या साधनाला कळतो. तो वापरायचा तेवढा राहिलाय.

समूहाचं नाव म्हणजे कुणाचंच नाव नसणं. आमच्या गावाला हे कुणी वेगळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांचं खरं आडनाव मेस्त्री, पण कामानं जे नाव मिळालं तेच राहिलं आणि तेच लोक घेतात. सिनेमाचा कॅमेरा घरी बनवायचा ध्यास त्यांचा आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांचा. आनंदराव १९१६ मध्ये गेले, कॅमेरा त्यानंतर पुरा झाला. तरी कोल्हापुरात ही गोष्ट सांगताना आनंदरावांचं नाव गाळून कुणी सांगत नाही. 'कोल्हापूरच्या कारागिरांनी कॅमेरा केला' एवढंच लिहून कुणी भागवलं असतं, तर आज आनंदराव कोण हे कुणाला ठाऊक असतं?

२४ महिन्यांच्या अटीबद्दल थोडक्यात. शिरोळकडची एक पोरगी आमच्यात होती, सगळ्यांत जास्त स्ट्रिंग तिनं केल्यात. बाळंतपण, मग बाळाचं आजारपण, दोन वर्षं तिला जमलं नाही. आता ती नोकरी शोधतेय. मुलाखतीत तिनं आपल्या कामाचा दुवा दिला, समोरच्यानं तो तिथंच उघडला, आणि 'माजी सहभागी' असं आलं. हे काम माझंच आहे हे तिला तोंडानं पटवावं लागलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा माझ्या दुकानातली दोन मशिनं, प्रमाणपत्रांची फाइल, रविवारच्या बैठकांच्या वह्या, सगळं गाळात गेलं. त्या वेळी मी सगळ्यांना म्हटलं होतं, आपलं खरं काम सर्व्हरवर आहे, नावासकट आहे, काळजी करू नका. तो शब्द आता खोटा पडलाय.

नाव बदललेल्यांचंही बघा. लग्नामुळे, घटस्फोटामुळे, धर्म बदलल्यामुळे, आपली लिंग-ओळख सांगितल्यामुळे माणसं नाव बदलतात. त्यांना जुनं काम नव्या नावाखाली हवं असतं. यासाठी गिटनं मेलमॅप ही सोय दिलीय, एका साध्या मजकुराच्या फाइलीत जुनं नाव-ईमेल आणि नवं नाव-ईमेल लिहायचं. इतिहासाला हात न लावता दिसणारं नाव दुरुस्त होतं. माझी अशी एक ओळ २०१६ पासून तुमच्याकडे पडून आहे. आणि तीच सोय वापरून तुम्ही आता शेकडो माणसांना एकाच 'माजी सहभागी' नावाकडे वळवलंत. हे मी रेपो उतरवून स्वतः पाहिलं. यातून मला एक दिलासाही मिळाला. मूळ कमिटमधली नावं शाबूत आहेत. कमिटचा हॅश (मजकुरावरून बनणारी ओळखखूण) लेखकाच्या नावासकट बनतो, ते बदललं असतं तर सगळा इतिहास मोडला असता, म्हणून तुम्ही ते बदललेलं नाही. वर एक फाइल झाकण म्हणून ठेवलीय. ती काढली की नावं वर येतील.

काहींना आपलं नाव काढूनच हवं असतं, युरोपातला खासगी माहितीचा कायदाही त्यांना तसं मागू देतो. त्यांचं जरूर काढा. पण ते त्यांनी मागितल्यावर. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि तात्यांना तर विचारता येणारच नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की हक्क दुसऱ्याला दिले तरी आपण लेखक आहोत हे सांगण्याचा लेखकाचा अधिकार राहतो. मी कोर्टाची भाषा करत नाही. मला ती भाषा करायचीच नाही. ज्या प्रकल्पात आम्ही पैशाची अपेक्षा न ठेवता रविवार घातले, तिथे देण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि तुम्हाला ती फुकट देता येत होती.

तर आमचं मागणं असं.

'माजी सहभागी'कडे वळवणाऱ्या मेलमॅपच्या ओळी मागे घ्या. पुढच्या आवृत्तीची वाट न बघता घ्या.

सोडलेलं युजरनेम कुणालाही पुन्हा देऊ नका. दिलेली परत घ्या, कुलूप लावून ठेवा. काम खात्याच्या आकड्याला बांधा, नाव हे त्या आकड्यावरची पाटी असू द्या.

दिसणारं नाव कोणत्याही लिपीत लिहायची सोय द्या. खरं नाव, कागदपत्रावरचं नाव असा आग्रह धरू नका. लिनक्स कर्नेलनंसुद्धा २०२३ मध्ये 'खरं नाव' ही अट सैल करून 'ओळखीचं नाव' एवढ्यावर आणली.

भाषांतरकारांची नावं 'विषयी' खिडकीत परत आणा, जुन्या पीओ फाइलींच्या टिपांमधून. त्या फाइली तुमच्या जुन्या रेपोत आहेत. फॉन्ट तपासणारे, शब्दसूची करणारे, शाळांतून शिकवणारे यांचीही नावं त्याच यादीत घाला. त्यांनी कोड लिहिला नाही म्हणून त्यांचं काम हलकं होत नाही.

आणि कुणी वारलं, तर त्याचं खातं काम थांबलेल्यांच्या यादीतून बाजूला काढा. घरच्यांनी किंवा गटानं कळवलं की पुरे धरा, कागद मागू नका.

अधिकार काढण्याच्या नियमाविरुद्ध आमचं काहीही म्हणणं नाही, हे पुन्हा लिहिते.

काम तुमच्यावर टाकून आम्ही बसलेलो नाही. गेले दोन रविवार पुन्हा त्याच वरच्या खोलीत जमलो. पुरातून वाचलेली एक वही, जुने ईमेल आणि माळ्यावरचा तो लॅपटॉप समोर ठेवून मेलमॅपची यादी केली. ३१ ओळी आहेत. शिरोळची पोरगी बाळाला मांडीवर घेऊन आली होती, ईमेल पत्ते तिनंच पडताळले. यादी पॅच म्हणून पाठवली आहे, मर्ज करायला (मूळ साठ्यात मिसळायला) दहा मिनिटं पुरतील. महिनाभरात उत्तर द्यावं अशी विनंती आहे. माझी ओळ मी शेवटी ठेवलीय, आणि ती लागू होईपर्यंत या पत्राखालीही तुमच्या नोंदीत आहे तेच नाव लिहिते.

यादीतली पहिली ओळ तात्यांची आहे. देवनागरीत आहे. त्यातला ळ तसाच राहू द्या.

आपली,
माजी सहभागी
शाहूपुरी, कोल्हापूर